उताराचा गोल अर्धा धरायचा का? (माची पेठेतली गल्ली हॉकी, हंगामाचा शेवट)

माचीचा_गोलकी | रविवार, दुपारी १.१०

मंडळी, एक निवाडा हवाय. भांडण सकाळी आठला सुरू झालं, अजून चालू आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून दोघं बाहेर पडलेत, म्हणून इथं आणतोय.

आधी जागा समजून घ्या, नाहीतर भांडण कळायचं नाही. आमची गल्ली माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. सातारा ज्यांनी पोवई नाक्यापुरताच पाहिलाय त्यांनी एकदा समर्थ मंदिराकडे चालत यावं, बाकीचं पोटऱ्या सांगतील. गल्ली लांबीला साठ-सत्तर पावलं. रुंदीला दोन रिक्षा एकमेकींना शिव्या घालत जातील एवढी. वरच्या टोकाला दगडी कट्टा, खालच्या टोकाला विजेचा खांब. एका अंगाला गटार, त्याच्यावर फरश्या, पण दोन ठिकाणच्या फरश्या गायब आहेत. ही दोन भोकं लक्षात ठेवा, पुढं येणार आहेत.

आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगाच्या आधी संपतो. पावसाळ्यात खेळायचा प्रश्नच नाही. किल्ल्यावरून उतरणारं पाणी गल्लीतून पळत जातं, बारीक खडी आणून टाकतं, आणि नंतर कडेकडेनं असं शेवाळ धरतं की हॉकी सोडा, दूध आणायला जाताना भिंत धरावी लागते. म्हणजे आता राहिले दोन रविवार, तेही वळवानं राहू दिले तर. हंगाम संपत आला की सगळंच झिजलेलं असतं. स्टिकची टोकं डांबरावर घासून चपटी झालेली, टेनिस बॉलवरची काळी टेप तिसऱ्यांदा बदललेली, आणि माणसांचं तर बोलूच नका. आमच्यातले चौघे चाळिशीच्या पुढचे आहेत.

संघ दोन, वरची आळी आणि खालची आळी. पाच-पाच जण. मी खालचा, गोलकी. नियम आमचेच. हिट मारायची नाही, फक्त पुश, म्हणजे स्टिक मागं न उगारता चेंडू ढकलायचा. चेंडू गुडघ्याच्या वर उठला की फाऊल. भिंतीला लागून आलेला चालतो, कुंडीला लागलेला चालत नाही. गाडी आली की "गाडी!" म्हणून ओरडायचं आणि जो जिथं असेल तिथं थिजायचं. गाडी गेली की तिथून पुढं चालू. (थिजताना दोन पावलं पुढं सरकणारे महाभाग वरच्या आळीत आहेत, नाव घेत नाही.)

आता उताराचं. वरून खाली खेळणाऱ्याला नुसता चेंडू सोडला तरी पुरतो, गुरुत्वाकर्षण बाकीचं बघतं. खालून वर खेळणाऱ्याला मात्र प्रत्येक पास ढकलत न्यावा लागतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी ठरलं की उताराचा गोल अर्धा आणि चढाचा पूर्ण. मध्यंतरात बाजू बदलतोच, पण नळाला पाणी आलं की घराघरातून हाका सुरू होतात आणि खेळ मोडतो, त्यामुळं दुसरा डाव कधीच पुरा होत नाही. पहिल्या डावात उतार मिळालेला संघ कायम फायद्यात. अर्ध्याचा नियम त्यासाठीच.

आजचा हिशोब. पहिल्या डावात उतार वरच्या आळीला. त्यांनी सात घातले, म्हणजे साडेतीन. आम्ही चढावर तीन घातले, म्हणजे तीन. बाजू बदलल्यावर आम्ही उतारावर दोन घातले, म्हणजे एक. एकूण आम्ही चार, ते साडेतीन. आम्ही जिंकलो.

बाराव्या मिनिटाला पाणी लवकर आलं. त्याच क्षणी त्यांच्या कप्तानानं चढावर एक चेंडू मारला, तो माझ्या डाव्या हाताच्या, गोलाच्या खुणेच्या विटेजवळून गटारात गेला. फरशी नसलेल्या भोकात. त्यांचं म्हणणं, आधी रेषा ओलांडली मग गटार. माझं म्हणणं, आधी गटार. चेंडू सापडलेला नाही.

कप्तान १ जूनला नोकरीसाठी पुण्याला चाललाय. म्हणजे हा निकाल आत्ता लागला नाही तर दिवाळीपर्यंत लोंबकळणार. तर सांगा, कोण जिंकलं?

---

कंदी_पेढा_ | रविवार, दुपारी १.४२

धागाकर्त्यानं सोयीपुरतं सांगितलंय. मी वरच्या आळीचा, तिथं हजर होतो. सात आणि पाच. पोराबाळांना विचारा, सात मोठे का पाच मोठे. गोल म्हंजे गोल, त्याला अर्धा-पाऊण काय असतंय? पेढा हाय का तो, अर्धा तोडून द्यायला?

आणि शेवटचा गोल गेल्यावर गोलकी काय म्हणाला ते लिहिलंच न्हाय. तो म्हणाला, "गेला!" आता काय गेला ते त्यालाच विचारा.

---

माचीचा_गोलकी | रविवार, दुपारी १.५०

चेंडू गेला म्हणालो. गटारात. पन्नास रुपयांचा चेंडू होता.

---

शिट्टी_वाजली | रविवार, दुपारी ३.२५

मी शाळेत खेळशिक्षक होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. दोन्ही बाजूंचं वाचून हसू आलं, तरी थोडं पंचाच्या नजरेनं सांगतो.

हॉकीत चेंडू दोन खांबांमध्ये गोलरेषेच्या पूर्ण पलीकडे गेला पाहिजे. अर्धा रेषेवर, अर्धा पलीकडे असेल तर गोल नाही. शिवाय मैदानी, म्हणजे चालू खेळातला, गोल असेल तर आक्रमकाची स्टिक चेंडूला वर्तुळात, म्हणजे आपल्या 'डी'मध्ये, लागलेली हवी. खांबांपासून ही रेषा १६ यार्डांवर असते, १४.६३ मीटर. तुमच्या गल्लीत 'डी' आहे का? नसेल तर निम्मे गोल वरच्या कट्ट्यापासून मारलेले असणार, कारण उतारावर तेच सोपं पडतं. आधी खडूनं 'डी' काढा. लांबून घरंगळत आलेले गोल बंद झाले की अर्ध्याचा नियम लावायची वेळच येणार नाही.

दुसरं, बाजू बदलण्याबद्दल. पूर्वी ३५-३५ मिनिटांचे दोन डाव असत, आता १५-१५ मिनिटांचे चार. बाजू मात्र अजूनही मध्यंतरालाच बदलतात, कारण मैदान सपाट असतं. तुमचं नाही. तुम्ही दर सात-आठ मिनिटांनी बदला. पाणी कधीही आलं तरी कुणाचं सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त नुकसान होणार नाही. नियम जागेप्रमाणे घडवायचा असतो. ऑफसाइडचा नियम (बचावाच्या मागं आधीच जाऊन उभं राहायचं नाही) आम्ही आयुष्यभर शिकवला आणि १९९६ मध्ये तो काढून टाकला. खेळ मोडला का? उलट गोल वाढले.

निकालाबद्दल मात्र, खेळाआधी ठरलेला नियम खेळानंतर बदलत नाहीत. तीन वर्षं अर्धा मान्य होता, तर आजही मान्य. खालची आळी जिंकली. गटारातल्या गोलाबद्दल पंच नव्हता, त्यामुळं शंकेचा फायदा बचावाला.

---

कंदी_पेढा_ | रविवार, दुपारी ३.३१

सर, तुम्ही खालच्या आळीत राहायला आलाय का?

---

डावखुरी | रविवार, संध्याकाळी ५.०५

सर, तुम्हाला एक विचारायचंय. मी डावखुरी आहे. कॉलेजात असताना हॉकी खेळायचा प्रयत्न केला, दोन आठवड्यांत सोडून दिला. डाव्या हाताची स्टिक मिळतच नव्हती. दुकानदार म्हणाला, नाहीच येत. खरंच नसते का? क्रिकेटमध्ये डावखुऱ्यांचं किती कौतुक.

---

शिट्टी_वाजली | रविवार, संध्याकाळी ५.४०

दुकानदार खरं बोलला. मैदानी हॉकीत स्टिकची सपाट बाजू एकच, डाव्या अंगाला, आणि चेंडू त्या बाजूनंच खेळायचा. स्टिकच्या गोलाकार पाठीनं खेळलं की फाऊल. डावखुऱ्यांसाठी उलटी स्टिक नियमात बसत नाही. कारण साधं आहे, एक जण उजव्या स्टिकनं आणि समोरचा डाव्या स्टिकनं भिडला तर दोघांच्या स्टिका एकमेकांच्या अंगात शिरतील.

पण तुम्ही सोडायला नको होतं. हॉकीत डावा हात वर असतो आणि स्टिक फिरवायचं सगळं काम तोच करतो. उजवा नुसता आधाराला. डावखुऱ्या मुलांचं ड्रिबलिंग मी नेहमी सुबक पाहिलंय. उलट्या बाजूनं चेंडू ओढताना तर त्यांची मनगटं लोण्यासारखी वळतात.

---

डावखुरी | रविवार, संध्याकाळी ५.४४

हे वीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. :(

---

बर्फातला_सातारकर | रविवार, रात्री ८.१५

वाचता वाचता घसा दाटला. माझं बालपण चिमणपुऱ्यात गेलं, आता टोरांटोत आहे. इथं रस्त्यावर हॉकी म्हणजे जवळपास धर्म. आईस हॉकीची नक्कल, पण स्केट नाहीत. पायात बूट, हातात लांब काठी, आणि पकच्या (आईस हॉकीतल्या रबरी चकतीच्या) जागी टणक प्लास्टिकचा चेंडू. गंमत म्हणजे तुमचा "गाडी!" इथंही आहे. "कार!" अशी आरोळी उठते, दोघं पळत जाऊन जाळीचे गोलपोस्ट बाजूला ओढतात, गाडीवाला हात दाखवतो, पोस्ट परत जागेवर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे माची पेठेतूनच शिकून आले असणार.

@डावखुरी, इथं या. इथल्या स्टिकचं पातं दोन्ही बाजूंनी चालतं. डाव्या वळणाची आणि उजव्या वळणाची अशा दोन्ही स्टिका दुकानात लटकलेल्या असतात, आणि डाव्या वळणाच्याच जास्त खपतात. माझा मुलगा उजव्या हातानं लिहितो आणि हॉकी डावीकडून खेळतो. इथं त्यात कुणाला नवल वाटत नाही.

चेंडूबद्दलही सांगतो. इथं उन्हाळ्याचा चेंडू वेगळा आणि थंडीचा वेगळा. गारठ्यात प्लास्टिक दगडासारखं होतं, म्हणून थंडीत मऊ चेंडू घेतात. उन्हाळ्यात तोच मऊ चेंडू लिबलिबीत होऊन उसळतो, म्हणून टणक. तुमच्या टेप लावलेल्या बॉलचं मे महिन्यात काय होतं?

हंगामाचा शेवट मात्र तुमच्यासारखाच. बर्फावर पाय घसरू नये म्हणून थंडीत रस्त्यावर वाळू आणि मीठ टाकतात. बर्फ वितळला की ती वाळू रस्त्यावर तशीच राहते आणि चेंडू तिच्यावर अडखळत जातो. तुमची खडी किल्ला देतो, आमची महापालिका.

या शहरात रस्त्यावर हॉकी खेळायला वर्षानुवर्षं कागदोपत्री बंदी होती, बरं का. सगळे खेळायचेच. २०१६ मध्ये महापालिकेनं ती अटी घालून उठवली. मुलांनी दुसऱ्या दिवशी काय वेगळं केलं? काहीच नाही.

---

माचीचा_गोलकी | रविवार, रात्री ९.००

@बर्फातला_सातारकर, चिमणपुरा म्हणजे घरचेच की हो तुम्ही. चेंडूचं विचारलंत, हा माझा आवडता विषय.

नवा टेनिस बॉल गल्लीत चालत नाही, फार उडतो. गुडघ्याचा नियम पाळताच येत नाही. आम्ही आधी सुईनं भोक पाडून पाहिलं. उसळी गेली, पण बॉल एका बाजूनं बसायला लागला. मग ब्लेडनं चीर देऊन आत जुन्या बनियनच्या चिंध्या कोंबल्या. जरा जास्त झाल्या तर मातीच्या गोळ्यासारखा धप्प पडतो, कमी झाल्या तर उसळतो. हे प्रमाण जमायला आम्हाला अख्खा एक हंगाम लागला. वरून काळी इन्सुलेशन टेप, पण पट्ट्या एकाच दिशेनं नाहीत, आडव्या-उभ्या. एकाच दिशेनं गुंडाळलं तर कडा राहते आणि चेंडू तिच्यावरून वाकडा जातो.

मे महिन्यात टेपचा चीक सुटतो. सकाळी सातपर्यंत ठीक, आठला डांबर तापायला लागलं की पट्टी सुटून शेपटीसारखी लोंबते. शेपूट फुटलेला चेंडू चढावर वाट्टेल तसा वळतो. आमचा तिसरा गोल तसाच झाला. वरची आळी त्याला गोल मानते, एवढा मोठेपणा त्यांचा कबूल करतो.

मैदानातला खरा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. आमचा एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर टाकला होता. दुकानदार म्हणाला, आधी मागचं उसनं टाक, मग वजन सांगतो.

---

भडंगवाला | रविवार, रात्री ९.२०

सांगलीहून लिहितोय. आमच्याकडं हा प्रश्नच नाही. सांगलीत चेंडू जिथं ठेवाल तिथं राहतो. विश्रामबागेत आमची पण टोळी आहे, रोलर स्केटवाल्या पोरांकडून जागा हिसकावून घेतलेली. दोन्हीकडं सपाट, दोन्ही डाव सारखे, गोल पूर्ण. तुम्ही सगळे इकडं या, एकदाच खेळून भांडण मिटवा. भडंग आमचं.

आमची अडचण वेगळी. एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेसातला डांबर चटके द्यायला लागतं. आणि कुत्री. चेंडू पळाला की कुत्रं पळतं, आणि कुत्र्यानं आणलेला चेंडू कुणीच हातात घेत नाही.

---

कंदी_पेढा_ | रविवार, रात्री ९.२६

उतार न्हाय म्हणून सांगतोयस आणि ऑगस्टात कृष्णामाई आली की तुमचा रस्ता कुठंय ते होडीतून शोधताय. २०१९ ला आम्ही इथनं भाकऱ्या पाठवल्या होत्या. (हलकं घ्या.)

---

भडंगवाला | रविवार, रात्री ९.३०

त्या भाकऱ्यांसाठी काहीही ऐकून घेईन. पण पेढ्यांपेक्षा भडंग बरं, हे लिहूनच जातो.

---

फलटणची_पाऊलवाट | सोमवार, सकाळी ७.५०

सातारा जिल्ह्यात हॉकी म्हटलं की तुम्ही माची पेठ आणि टोरांटोच्या गप्पा मारता आणि फलटण विसरता? वैष्णवी फाळके आमच्या तालुक्यातल्या आसूची. अक्षता ढेकळे पण आमच्याच तालुक्यातली. दोघी भारताकडून खेळल्यात. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरी. आमच्याकडं आता लहान मुली सायकलला हॉकी स्टिक बांधून जाताना दिसतात, पूर्वी दप्तराशिवाय काही नसायचं.

@डावखुरी, वीस वर्षांपूर्वी नसेल सांगितलं कुणी, पण घरात भाची-पुतणी असेल तर तिला सांगा.

---

डावखुरी | सोमवार, सकाळी ८.१५

भाची आहे. आठ वर्षांची. तीही डावखुरीच आहे. :)

---

तुटकी_स्टिक | सोमवार, सकाळी १०.३०

नवीन सदस्य, पहिला प्रतिसाद. आमच्या कॉलनीत सुरू करायचंय. स्टिक कुठली घ्यावी? ऑनलाइन बघितलं, आठशेपासून पंधरा हजारांपर्यंत आहेत. डांबरावर कार्बनची टिकेल का?

---

शिट्टी_वाजली | सोमवार, सकाळी ११.१०

डांबरावर कार्बनची स्टिक म्हणजे पैठणी नेसून भात लावणं. घेऊ नका. साधी लाकडी घ्या. आपल्याकडं जालंधर आणि मेरठ ही स्टिकची गावं, आणि लाकडी स्टिक पूर्वापार तुतीची. तुतीचं लाकूड वाफेवर वाकतं आणि मार खातं. कॉम्पोझिटचं, म्हणजे कार्बनसारख्या धाग्यांच्या स्टिकचं, टोक डांबरावर घासलं की धागे उघडे पडतात, मग ती दुरुस्त होत नाही. लाकूड झिजतं तेही हळू, आणि दुरुस्त होतं.

टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वर टेप. दर महिन्याला पट्टी बदला, स्टिक तीन हंगाम जाईल. उंचीचं म्हणाल तर स्टिक शेजारी उभी धरली की कमरेच्या हाडाच्या आसपास यावी. गल्लीत थोडी आखूड चालते, कारण तिथं वाकूनच खेळावं लागतं.

मोडली तरी टाकू नका. धनराज पिल्ले खडकीतल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला, तिथं ही भावंडं मोडक्या स्टिका बांधून खेळत. पुढं तो चार ऑलिंपिक खेळला. फेविकॉल, सुतळी आणि दोन दिवस सावलीत वाळवणं, एवढं पुरतं.

---

गॅलरीतली_काकू | सोमवार, दुपारी ४.००

हा धागा माझ्या सुनेनं दाखवला. मी त्याच गल्लीत राहते, मधल्या घरात, जिथं दुसरं भोक आहे. गेली तीन वर्षं दर रविवारी गॅलरीत चहा घेत तुमचा हा तमाशा बघते आहे, तेव्हा मलाही बोलायचा हक्क आहे.

पाणी लवकर आलं हे साफ खोटं. पाणी आठला आलं. वर्षभर आठलाच येतं, मी घागर लावून उभी असते. साडेसहाला सुरू करायचं ठरलेलं असतं. काल सुरू झालं सात वाजून पाच मिनिटांनी. का? कारण हे गोलकी महाराज चेंडूला टेप लावत कट्ट्यावर बसले होते. आदल्या रात्री लावायची आठवण नाही. नऊ माणसं उभी, आणि हा आडव्या-उभ्या पट्ट्या लावतोय.

म्हणजे पस्तीस मिनिटं याच्यामुळं गेली. पहिला डाव, मग चहा, मग दुसऱ्याला उरली बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत वरच्यांच्या वाट्याला चढ होता, आणि यांच्या नियमाप्रमाणं चढाचा गोल पूर्ण असतो. पूर्ण गोल घालायचा वेळ यानंच खाल्ला.

आणि कुंडीचं कुणी लिहिलंच नाही. माझ्या गवती चहाची कुंडी परवाच्या रविवारी फुटली. कुंडीला लागलेला चेंडू चालत नाही म्हणे. चालत नसेल, पण कुंडी फुटते.

---

कंदी_पेढा_ | सोमवार, दुपारी ४.०३

काकू!!! साष्टांग दंडवत.

---

बर्फातला_सातारकर | सोमवार, दुपारी ४.१०

इथं आत्ता सकाळ झालीय. मोबाईल बघून हसलो तर बायको उठली. तिलाही वाचून दाखवलं.

---

माचीचा_गोलकी | सोमवार, दुपारी ४.३५

काकू, नमस्कार करतो. तुम्ही इथं असाल असं वाटलं नव्हतं.

टेपचं खरं आहे. शनिवारी रात्री लग्नाहून यायला एक वाजला, चेंडू तसाच राहिला. पण माझं थोडं ऐका. तसाच शेपटीवाला चेंडू आणला असता तर याच लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या. आणि पस्तीसपैकी दहा मिनिटं वरच्या आळीचा एक खेळाडू मिसळ खाऊन येतो म्हणून गेला होता. तो कोण ते त्यानं स्वतः सांगावं, त्याचं सदस्यनाव पेढ्यावरून सुरू होतं.

---

कंदी_पेढा_ | सोमवार, दुपारी ४.४१

पेढ्यावरनं सुरू होत न्हाय, पेढ्यावर संपतंय. उपाशी पोटी चढावर पळवणार का मला? पण ठीक हाय, दहा मिनिटं माझी.

---

शिट्टी_वाजली | सोमवार, संध्याकाळी ६.२०

काकूंची साक्ष ग्राह्य धरतो. सुधारित निवाडा असा. निकाल साडेतीन-चार हाच राहील, कारण नियम ठरलेला होता. पण दुसरा डाव अपुरा राहिला तो दोन्हीकडच्या चुकीनं. पंचवीसपैकी उरलेली तेरा मिनिटं येत्या रविवारी खेळा. बाजू काल होत्या त्याच. सुरुवात साडेसहाला, चेंडू शनिवारी रात्री काकूंकडे जमा.

---

वरचा_कप्तान | सोमवार, रात्री १०.१५

मी इथं नवा, फक्त या धाग्यासाठी खातं उघडलं. रविवारी मी आहे. सामान शनिवारीच बांधून ठेवतो. तेरा मिनिटं मान्य. गटारातला गोल मी सोडतो, पण झाला होता.

---

माचीचा_गोलकी | रविवार, सकाळी ९.२०

अपडेट. शनिवारी रात्री अकराला वळीव झोडपून गेला. सकाळी सहाला गेलो तर गल्लीत घोट्याएवढी माती, खडी, आणि वरच्या अंगाच्या शेवग्याची एक फांदी. दहाही जण आले होते. घरोघरचे खराटे आणून झाडायला घेतलं. खाली लोटलेली खडी खालच्या आळीच्या दारात जाते म्हणून आमच्याच लोकांशी भांडण झालं. साडेसातला खेळायजोगा पट्टा मोकळा झाला, पण ओला. तेरा मिनिटं खेळलो. ओल्या डांबरावर चेंडू चढाला पण पळतो, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी चढावर एक घातला, म्हणजे पूर्ण एक. आम्ही उतारावर एक, म्हणजे अर्धा.

ते साडेचार, आम्ही साडेचार.

कप्तान आंघोळ न करता तसाच स्टँडवर गेला.

---

कंदी_पेढा_ | रविवार, सकाळी ९.२८

सर म्हणाले तसं दर सात मिनिटांनी बाजू बदलली असती तर हे झालं नसतं. दिवाळीपासून तेच करायचं. 'डी' पण काढू. खडू मी आणतो.

---

गॅलरीतली_काकू | रविवार, सकाळी ११.४५

रात्रीच्या पाण्यानं मागच्या रविवारचा चेंडू माझ्या दारातल्या भोकातून वर आणून टाकला. शेपूट फुटलंय, पण ओळखू येतोय. रेषेच्या अलीकडे होता की पलीकडे ते मला विचारू नका, गटाराला विचारा.

चेंडू धुऊन गॅलरीत ठेवलाय. कुंडीचे पैसे आणून द्या आणि घेऊन जा.

---

माचीचा_गोलकी | रविवार, सकाळी ११.५२

किती झाले काकू?

---

गॅलरीतली_काकू | रविवार, दुपारी १२.०५

दीडशे. आणि अर्धे धरणार नाही.